सावलीले जाणार नाही

आमच्या समाजात बायकोले मारलं असं कोणी म्हणत नाही. म्हणतात, पोराच्या डोक्यात ऊन चढलं. मंग मंडळाचे चार मोठे माणसं बसतात, चहा पितात अन् ठरवतात का पोरीले सावलीले पाठवून द्या. सावलीले म्हणजे माहेरी. भंडारा-गोंदियाकडच्या कोणत्या तरी खेड्यात, जिथून आमचे बाप-आजे भिलाईच्या प्लांटात कामाले आले होते. पोरगी पिशवी भरते, लेकरू असलं तं कडेवर घेते, अन् पावसाळा लागेपर्यंत आईच्या घरी भावजयीचे टोमणे ऐकत भांडे घासते. नवरा इकडं कूलरसमोर पाय पसरून झोपते. याले आमी न्याय म्हणतो.

मी बेबी. साठी उलटली तरी सगळे बेबीताईच म्हणतात, म्हणू द्या. माहा नवरा नोकरीत असतानाच गेला, त्याच्या जागेवर मी लागली, अन् रिटायर होईपर्यंत मी कोक ओव्हनमध्ये काम केलं. कोक ओव्हन म्हणजे कोळसा भाजायच्या भट्ट्या, एका लायनीत उभ्या. त्याच्या छतावर चालताना बुटातून तळपाय भाजते, अन् खालून जे येते ते वेगळंच. म्हून गरमीचं मले कोणी शिकवू नये. गरमीनं माणसाचं डोकं फिरते हे खरं आहे, मी कुठं नाही म्हणते. मे महिन्यात दुपारी इथं भिलाईत सुपेल्याच्या चौकात उभे राहून पाहा. नुसता आरशाले आरसा लागला म्हणून दोन स्कूटरवाले एकमेकाची कॉलर धरतात. तेच दोघं जानेवारीत सॉरी भैया म्हणून निघून जातात. भट्टीवरून उतरली का मलेही वाटे, जो समोर दिसन त्याच्या कानाखाली ठेवून द्यावी. वाटे, बरं का. वाटण्यावर कोणाचा इलाज नाही.

जुन्या लोकांच्या काळात ही सावलीची रीत बरी होती म्हणतात. टिनाची खोली, पंखा नाही, पाणी दुरून आणायचं. बाया लेकरं घेऊन गावाले जात, आंबे खात, पाऊस पडला का परत येत. त्यात मारझोड नव्हती, नुसती सोय होती. मंग कोण्या शहाण्याले सुचलं का जिथं भांडण आहे तिथंही हेच औषध लावा, अन् तेव्हापासून लावूनच राहिले. त्यात आता उन्हाळाही पह्यल्यासारखा राहिला नाही. मी इथं कुरुद वस्तीत राहाले आली तेव्हा घरासमोर धानाचे बांध होते, संध्याकाळी वारं यायचं. आता तिथं प्लॉट, भिंती अन् काँक्रीट. पह्यले उन्हाळा म्हणजे अक्तीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, मिरगापर्यंत. आता होळीच्या आधीच पंखे सुरू होतात अन् पाऊस रुसला तं आषाढातही अंगाची लाही होते. उन्हाळा जितका लांबला तितकी आमच्या पोरींची सावलीही लांबली. असंच राहिलं तं त्यांनी बारमाही माहेरीच राहावं, दिवाळीले दिवे लावाले तेवढं यावं.

तं गोष्ट आहे उन्नतीची. उन्नती माही भाची, लहान बहिणीची पोरगी. बहीण आमगावजवळच्या खेड्यात दिली आहे. उन्नतीचं लग्न इथं कुरुदमध्येच झालं, माह्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, प्रवीणसोबत. प्रवीण कोक ओव्हनमध्येच आहे, ठेकेदाराकडं. दिसाले बरा, बोलाले गोड, सणासुदीले पाया पडते. अन् उन्हाळा आला का बायकोवर हात टाकते. मागचे दोन उन्हाळे उन्नती गुपचूप सावलीले जाऊन आली. या वर्षी ती ई-रिक्षा चालवून राहिली होती, सुपेला ते सिविक सेंटर.

अक्ती होऊन दोनचार दिवस झाले असतील. नळाले पाणी आलं नव्हतं, कूलर कोरडा होता. उन्नती स्टँडवरून नुकतीच आली होती, स्कार्फ सोडून पाणी पिऊन राहिली होती. प्रवीण ड्यूटीवरून आला. "कूलर सूखा काहून आहे?" एवढं विचारलं, अन् उत्तराची वाट न पाहता तिले ढकललं. कूलरच्या टिनाची कडा कपाळाले लागली. भुवईच्या वर टाके पडले. सासू, भागीरथाबाई, तिथंच ओट्याजवळ तांदूळ धुवून राहिली होती. ती धुतच राहिली.

उन्नती दुसऱ्या दिवशी स्कार्फ खाली ओढून माह्या दारात गाडी घेऊन आली. मी कपाळ पाह्यलं. तिले आत घेतलं, मठ्ठा दिला.

"मावशी, जानराव काकांनी बाबाले फोन केला," ती म्हणाली. "रविवारी बैठक आहे. बाबा मले न्याले येऊन राहिले."

जानरावजी आमच्या मंडळाचे अध्यक्ष. फोरमन होते, आता रिटायर.

"बैठक रविवारी आहे, तं न्यायचं आजच कसं ठरलं?"

"तिकिटं पण झाली. काकांनीच मोबाइलवर काढली. दो टिकट, बाबाचं अन् माहं."

म्हणजे पंचायत बसायच्या आधीच फैसला झाला होता अन् रेल्वेनं कन्फर्मही केला होता. मले इतका संताप आला का मी उठून उगाच पंख्याचं बटन दोनदा खालीवर केलं.

"तुले जायचं आहे का?"

"नाही ना मावशी." तिनं गिलास खाली ठेवला. "माही जागा जाईन. स्टँडवर रूल आहे, महिनाभर गाडी नाही लागली तो नंबर दूसरे को दे देते हैं. चंदन भैया बोला, मैं तेरे लिए अलग रूल कैसे बनाऊँ. किती मुश्किलनं भेटली मले ती जागा. माह्या आधी त्या स्टँडवर एक बाई नव्हती. परत आली तं मले कोणी उभं करणार नाही."

चंदन म्हणजे त्या स्टँडचा लीडर. त्याचं चुकत नव्हतं. तिथं बाकी गाड्याही रांगेत होत्या.

"अन् एक सांग, तू दिवसभर त्या टपाखाली बसते. तुले नाही येत का राग?"

ती हसाले गेली, पण टाके ताणले म्हणून तोंड वाकडं केलं. "येते ना. काल एक अंकल पूरा रस्ता बडबड करून राहिला, औरत लोग को गाड़ी चलाना नहीं आता. मले वाटलं, देऊ गाडी नालीत पलटवून."

"मंग?"

"मंग काय. सिविक सेंटर आलं, उतरवलं. अगली सवारी."

मी तिले म्हटलं, रविवारी मी आहो, तू फक्त नाही म्हणजो. ती म्हणाली, नाही म्हणून काही होते का मावशी, आजपर्यंत कोणाचं झालं.

मी मंडळाची महिला सदस्य आहो. म्हणजे चहा सांगणे, संक्रांतीले सतरंज्या टाकणे, अन् फोटोत टोकाले उभं राहणे. सुपेल्यात एका दुकानाच्या वर आमचा हॉल आहे. या वर्षी त्याले एसी लागला, त्याचं जानरावजीले भारी कौतुक. माणूस वाईट नाही, खोटं कावून बोलू. कोणाच्या घरी मयत झाली तं पहिला तोच येते, रक्त पाहिजे तं तोच पळते. पण त्याले वाटते का समाज म्हणजे एक पितळेचं भांडं आहे, बाहेरून घासत राहिलं का झालं. "आपल्या समाजात आजपर्यंत एक पोलीस केस नाही," हे तो दरेक भाषणात सांगते.

रविवारी हॉलमध्ये शिरली तं दात वाजाले लागले. रिमोट जानरावजीच्या हातात, अठरावर ठेवलेला. मी पदर डोक्यावरून घेऊन अंगाभोवती गुंडाळला अन् बसली. मंडळाचे सगळे मोठे लोक आले होते. प्रवीण समोरच्या खुर्चीत, केसं विंचरून, अंगात स्वच्छ शर्ट. त्याच्या बाजूले त्याचा लहान भाऊ मोहित, कोचिंग क्लासमध्ये शिकवते. भागीरथाबाई भिंतीजवळ, गुडघे धरून. उन्नती माह्या बाजूले, स्कार्फ कपाळावर ओढून. अन् उन्नतीचा बाप, तेजराम भाऊजी, दाराजवळ. गावाहून सकाळच्या गाडीनं आला होता, अंगात धुतलेला सदरा, मांडीवर रिकामी पिशवी. पोरीचे कपडे टाकाले आणली असन.

जानरावजीनं सुरुवात केली. "हे पाहा, कोणाची बदनामी कराची नाही. प्रवीण आपला पोरगा आहे, उन्नती आपली पोरगी आहे. उन्हाचे दिवस आहेत, प्लांटची गरमी आहे, घरी पाणी नाही. अशा वेळेस दोघांनी जरा दूर राहिलेलं बरं. पोरगी बापासोबत जाईन, आराम करीन. पाऊस लागला का आपणच आणून सोडू. काय भाऊ?"

भाऊजीनं मान हलवली. त्यानं आणखी काय कराचं होतं, आजपर्यंत सगळ्या बापांनी तेच केलं होतं.

मोहित मोबाइल घेऊन उभा राहिला. "काका, एक मिनिट. ये साइंटिफिक भी है. दुनियाभर में स्टडी हुई है, टेम्परेचर वाढलं का व्हायलन्स वाढते. मारामारी, मर्डर, सगळं उन्हाळ्यात जास्त. म्हणजे दादाची पर्सनल चूक नाही आहे यात. क्लायमेट फॅक्टर आहे."

जानरावजीचा चेहरा खुलला. "घ्या. म्हणजे आपले जुने लोक अडाणी नव्हते, शास्त्रच होतं त्याच्यात."

"मोहित बरोबर बोलते," मी म्हटलं.

सगळ्यांनी वळून पाह्यलं. बेबीताईनं चहाशिवाय काही बोलणं अन् तेही हो म्हणणं, लोकाले बरं वाटलं. मोहित तं थँक्यू म्हणाले लागला.

"शास्त्र खरं आहे," मी म्हटलं. "मी त्या भट्टीवर जन्म काढला, मले माहीत आहे. आता एक सांगा जानरावजी. तुमी फोरमन होते. एखादी मोटर तापून झटका देऊन राहिली, तं शटडाउन कोणाले देत होते? मोटरले का हेल्परले?"

"मोटरले," तो म्हणाला. मंग त्याच्या लक्षात आलं, पण शब्द निघून गेला होता.

"मंग मोटरले द्या ना. डोकं प्रवीणचं तापते, उन्नतीचं नाही. ती तं त्याच उन्हात दिवसभर गाडी चालवते, तिनं अजून कोणाले चापट मारली नाही. म्हणजे सावलीची गरज कोणाले आहे? तिकिटं दोन आहेतच. प्रवीणले पाठवा भाऊजीसोबत. सासुरवाडीत राहीन, आंबे खाईन, विहिरीवर अंघोळ करीन. थंड झाला का आमी घेऊन येऊ. मी स्वतः जाईन त्याले आणाले, हळदीकुंकू लावून आणीन."

हॉलभर हसाहस झाली. कोणी म्हणे, जावयाले सासरी सावलीले, हे तं नवीनच. कोणी म्हणे, तिकीट पोरीच्या नावाचं आहे, टीसी पकडीन. हसता हसता एकजण डोळे पुसाले लागला. मी हसली नाही. मी अगदी मनापासून बोलली होती.

"बेबीताई, मजाक ठीक आहे," जानरावजी म्हणाला. "पण त्याची ड्यूटी आहे."

"पोरीचीही आहे."

"रिक्षा म्हणजे काही ड्यूटी नाही होत."

"कावून नाही होत? ती ड्यूटीले नाही गेली तं तिची जागा जाते. प्रवीण नाही गेला तं त्याचा ठेकेदार बदली माणूस ठेवते, परत घेते. नुकसान कोणाचं जास्त आहे ते तरी बघा."

"समाजात नाक राहीन का? घरजावई बसला म्हणतीन लोक."

"अन् पोरगी दर साल बापाच्या घरी बसते तेव्हा लोक काय म्हणतात, ते कधी विचारलं का कोणाले?"

तेव्हा दाराजवळून आवाज आला. "मी नेतो."

तेजराम भाऊजी उभा होता. हा माणूस पाहुणा म्हणून आला तं जेवतानाही भात मागत नाही, वाढला तेवढा खाते.

"मी नेतो जावयाले," तो म्हणाला. "मागचे दोन साल पोरीले नेलं, तेव्हा कोणी हसलं नाही. आज जावयाले ने म्हटलं तं सगळे हसून राहिले. म्हणजे जाण्यात दुःख आहे, हे तुमाले माहीत होतं. मी समजत होतो का कोणाले माहीत नसन, म्हून पाठवून राहिले."

मले भाऊजीच्या पाया पडावं वाटलं. इतक्या वर्षांत मी त्याले शेळपट समजत आली होती.

प्रवीण उठला. गोड बोलणं संपलं होतं. "ये क्या तमाशा चल रहा है? मी सासऱ्याच्या घरी पडून राहू? और ये इधर मर्दों के स्टँड पे दिनभर दाँत दिखाती रहे?"

उन्नती खुर्चीतून उठली, त्याच्यासमोर आली. "जाऊन पाह्य ना प्रवीण. मी दोनदा गेली. माणूस मरत नाही. फक्त रोज सकाळी उठून विचार करते, माहं काय चुकलं म्हणून. तू पण कर जरा."

मागून कोणी तरी खुसखुस हसलं. त्यानंतर जे झालं ते पटकन झालं. प्रवीणनं तिच्या तोंडावर ठेवून दिली. उलट्या हातानं, मंडळाच्या सगळ्या मोठ्या माणसांसमोर, तिच्या बापासमोर, आपल्या मायसमोर. एक टाका उसवला अन् रक्ताची धार भुवईवरून डोळ्यात उतरली.

एसी अठरावरच चालू होता.

जानरावजी अडखळत म्हणाला, "बाहेरून आला ना तो... उन्हातून. अजून उतरलं नसन डोक्यातलं..."

मी उठली. मले आता आठवत नाही मी किती जोरात बोलली, पण खाली दुकानदारानं वर पाह्यलं म्हणतात. "कवाचा बसला आहे तो तुमच्या एसीत. मी इथं कुडकुडून राहिली, अन् त्याले ऊन लागलं? कोणतं ऊन? सांगा ना, कुठून आलं ते या हॉलमध्ये? माहं अंग गोठलं आहे जानरावजी, अन् तुमी अजून उन्हाचंच नाव घेता. लाज वाटू द्या."

मोहितनं मोबाइल खिशात घातला. तो भावाकडं पाहत होता, पहिल्यांदा पाहून राहिल्यासारखा. मी नंतर कधी त्याच्या तोंडून क्लायमेट फॅक्टर ऐकला नाही.

उन्नतीनं स्कार्फनं डोळा पुसला. तिनं ना प्रवीणकडं पाह्यलं ना जानरावजीकडं. "बाबा, तिकिटं रद्द करा," ती म्हणाली. "मी सावलीले जात नाही. अन् हा पण जात नाही, याले तिथं नेऊन माह्या मायले कशाले ताप. मी ठाण्यात जाऊन राहिली."

"पोरी, थांब," जानरावजी उठला. "घरची गोष्ट घरात राहू दे. आपल्या समाजात आजपर्यंत एक पोलीस केस नाही."

"आजपर्यंत नव्हती काका."

तिनं रिक्षाची चाबी काढली अन् पायऱ्या उतराले लागली. भाऊजी तिच्यामागं. मी चप्पल शोधत होती, तेवढ्यात भिंतीजवळ खुर्ची सरकली. भागीरथाबाई उठून राहिली होती. तिचे गुडघे इतके खराब आहेत का तिले उठाले कोणाचा तरी हात लागते. प्रवीण पुढं झाला हात द्याले. तिनं तो धरला नाही, भिंतीले धरून उठली.

"आई, तू कुठं चालली?" प्रवीण म्हणाला. आवाज एकदम लेकरासारखा झाला होता.

"रिक्षात बसाले."

"भागीरथाबाई," जानरावजी म्हणाला, "पोराच्या विरोधात जाता का? तुमच्या पोटचा आहे तो. जरा गरमीचं समजून घ्या."

ती दारापर्यंत गेली अन् तिथं थांबून बोलली, हळूच, पण सगळ्यांनी ऐकलं. "याच्या बापाच्या वेळेस मी दर उन्हाळ्यात सावलीले जायची जानरावजी. तुमीच पाठवत होते, तुमच्या आधी तुमचे सासरे अध्यक्ष होते, ते पाठवत होते. पण याच्या बापाले पुसाच्या थंडीतही ऊन लागे. तेव्हा मले कुठं पाठवावं, हे तुमच्यापैकी कोणी सांगितलं नाही. त्या दिवशी मी तांदूळ धुवून राहिली होती, कावून का माही सासूही तेच करे. आता माह्यानं नाही होत."

पायऱ्या उतराले तिले भारी वेळ लागला. मी एका बाजूनं धरलं, भाऊजीनं दुसऱ्या. वरून कोणी आमच्यामागं आलं नाही. बाहेर दुपार होती, सुपेल्याचं डांबर चपलेले चिकटत होतं, रिक्षाची सीट इतकी तापली होती का बसताना आमी दोघी बाया उसळल्या. उन्नती समोर बसली, स्कार्फ कपाळाभोवती बांधला, अन् गाडी अशी सरळ चालवली का मले माह्या भाचीचा गर्व वाटला. चौकात एक बाइकवाला आडवा आला अन् तोंड सोडून शिवी देऊन गेला. तिनं हॉर्न वाजवला अन् पुढं गेली. भागीरथाबाई सुनेच्या पाठीकडं पाहत बसली होती. मध्येच म्हणाली, "हळू चालव, रक्त सुकू दे." उन्नतीनं मान डोलावली. तेवढंच काय ते दोघींचं बोलणं.

ठाण्यात टेबलामागं एक मुन्शी, म्हणजे लिखापढी करणारा हवालदार, बसला होता. मोठा जाडा माणूस, वर्दी पाठीवर ओली, डोक्यावरचा पंखा नुसता कण्हत होता. उन्नतीनं सगळं सांगितलं. आजचं सांगितलं, कूलरचं सांगितलं, मागच्या दोन उन्हाळ्यांचं सांगितलं. तिचा आवाज दोनदा बसला, पण थांबला नाही. मुन्शीनं कपाळ पाह्यलं, रुमालानं आपली मान पुसली, अन् मऊ आवाजात भागीरथाबाईले म्हणाला, कावून का आमच्यात सगळ्यात म्हातारी तीच होती:

"देखो अम्मा, घर का मामला है. गरमी का टाइम है, सबका दिमाग गरम रहता है आजकल. समझा-बुझा के बहू को घर ले जाओ. शाम तक सब ठंडा हो जाएगा."

मी तोंड उघडणारच होती. भागीरथाबाईनं माहा हात दाबला. ती टेबलाले धरून पुढं झुकली, तिच्या त्या तुटक्या हिंदीत बोलाले लागली.

"साहब, तुमको भी तो गरमी हो रही है."

"बहुत हो रही है अम्मा. क्या करें."

"तो आज तुम किसको मारे?"

बाजूच्या टेबलावरच्या लेडी कॉन्स्टेबलनं मान वर केली. मुन्शीनं रुमाल खिशात ठेवला, कोरा कागद समोर ओढला अन् पेनाचं टोपण काढलं.

"लड़की का नाम?"

उन्नतीनं सांगितलं.

"मारने वाले का?"

तेही तिनंच सांगितलं, बापाच्या नावासकट.

"गवाह कौन है?"

भाऊजी पुढं झाला, मीही झाली, पण भागीरथाबाईनं आमाले दोघाले हातानं मागं सारलं.

"पहले मेरा लिखो," ती म्हणाली. "भागीरथाबाई. लड़के की माँ."